डिस्क गोल्फ: फेक वर चढते आणि डावीकडे पडते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. हरभरा निघाला की जूनपर्यंत रान मोकळं असतं. त्यात गेल्या वर्षीपासून मी, माझी दोन भाचरं आणि शेजारची चार-पाच पोरं डिस्क गोल्फ खेळायलोत. मावसभावानं अमेरिकेतून तीन डिस्क आणल्या होत्या: पटर (जवळच्या फेकीसाठी), मिडरेंज (मधल्या) आणि ड्रायव्हर (लांबच्या). ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी, चेंडूऐवजी तबकडी आणि भोकाऐवजी साखळ्यांची टोपली. कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची.

सहा होलचा, म्हणजे सहा लक्ष्यांचा, कोर्स आम्हीच आखलाय. पाच ठिकाणी बांधावरची कडुलिंबं-बाभळी, बुंध्याला लाल फडकं. सहाव्याला टोपली आहे, गावातल्या वेल्डरनं सायकलच्या जुन्या रिंगेला साखळ्या लोंबवून करून दिलेली. झाडांवर खेळण्यात मला कमीपणा वाटत नाही. कॅलिफोर्नियात 1975 साली ओक ग्रोव्ह पार्कला पहिला कायमचा कोर्स झाला, तिथंही आधी खांबच होते. तो कोर्स आखणाऱ्या एड हेड्रिक यांनी साखळ्यांची टोपली नंतर काढली.

आता अडचण सांगते. मी उजव्या हातानं बॅकहँड फेकते, म्हणजे हात छातीसमोरून डावीकडं नेऊन तिथून पुढं. ड्रायव्हर सुटला की पुढची कड वर करून चढतो, हवेत थांबल्यासारखा होतो आणि धपकन डावीकडे पडतो. पावलं मोजली तर पन्नासच्या आसपास. पटरही तेवढाच जातो, हे सगळ्यात जास्त खटकतं. जोर लावला की आणखी वर, आणखी डावीकडे. तिसऱ्या होलला डाव्या अंगाला विहीर आहे, म्हणून तो होल बंदच ठेवलाय. ड्रायव्हरवर 12, 5, -1, 3 असे आकडे आहेत. धावत येऊन फेकावं तर ढेकळांत पाय मुरगळतो. दुपारनंतर वारा सुटला की समोर फेकणं जमतच नाही.

पोरं माझं बघून शिकायलीत. नऊ वर्षांची भाची हुबेहूब माझ्यासारखीच फेकते, वर आणि डावीकडे. तिच्या हाताला ही सवय लागायच्या आत मला सुधारायचंय. दोष हाताचा की डिस्कचा? आणि आमचे होल 120 पावलांचे आहेत, ते लांब होतात का?

प्रतिसाद

ताई, दोष दोन्हीचा आहे. पहिला आकडा 12 म्हणजे स्पीड. तेवढ्या वेगानं सुटला तरच तो ड्रायव्हर सरळ जातो. वेग कमी पडला की शेवटचा 3, म्हणजे फेड (वेग ओसरताना डिस्कचं बाजूला वळणं), लवकर लागू होतो, आणि उजव्या हाताच्या बॅकहँडला फेड डावीकडेच असतो. पटर आणि ड्रायव्हर सारखेच जातात, ही त्याचीच खूण. महिनाभर ड्रायव्हर घरी ठेवा, पटरच फेका.

कड वर राहते ती मनगटामुळं. हात मिळवताना मनगट जसं असतं त्याहून किंचित खाली झुकवा. डिस्क अंगाभोवती गोल फिरवू नका. पेट्रोलवरचा फवारणी पंप सुरू करायची दोरी जशी ओढतो, तशी छातीजवळून सरळ रेषेत ओढा, कोपर पुढं. धावायचं नाही, उभ्यानंच फेका. उजवा पाय घट्ट रोवा, मग कंबर, मग खांदा, हात सगळ्यात शेवटी. समोरचा वारा वर उठलेल्या कडेखाली शिरून डिस्क आणखी उचलतो, म्हणून सराव सकाळीच करा.

होल सध्या 50 ते 60 मीटरचे करा, पार 3 ठेवा, म्हणजे तीन फेकींत होल पुरा व्हावा. टोपलीपासून 10 मीटरच्या आत असाल तर फेकल्यावर तोल सावरल्याशिवाय, आधीची डिस्क पडली त्या खुणेच्या पुढं पाऊल टाकायचं नाही, हा नियम पोरांना आत्तापासूनच लावा.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. पंपाच्या दोरीचं लगेच कळलं, घरी फवारणी मीच करते. आज सकाळी उभ्यानं वीस फेकी केल्या. त्यातल्या सात सरळ गेल्या, एक 58 पावलं. भाचीच्या चार गेल्या. पण सुटताना डिस्क डगमगते अजून. पकड सैल पडत असेल का? मी दोन बोटं कडेला आणि दोन खाली पसरून धरते. चारही बोटं कडेला आवळून उद्या फेकून बघते आणि किती सरळ गेल्या ते इथंच लिहिते.