'युनिक' चाचणी आणि रिकामे टेबल

डीबीटी (डेटाबेसमधील टेबले तयार करणारे आणि तपासणारे साधन) वापरताना प्रत्येक टेबलाच्या प्रायमरी कीवर, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखू देणाऱ्या कॉलमवर, मूल्ये दुबार नाहीत ना हे पाहणारी 'युनिक' चाचणी लावली की पुरते, असे एका प्रतिसादात म्हटले आहे. दुबार नोंदी पकडण्यापुरते ते योग्यच आहे. परंतु डीबीटीमधील ही चाचणी नल (म्हणजे मूल्यच नाही) असलेल्या ओळी आधी वगळते आणि मगच मोजणी करते, त्यामुळे ग्राहक क्रमांकाचा निम्मा कॉलम रिकामा असला तरी ती बिनतक्रार उत्तीर्ण होते. मूल्ये ठरलेल्या यादीतीलच आहेत का हे पाहणाऱ्या 'ॲक्सेप्टेड व्हॅल्यूज' चाचणीचेही तसेच आहे, कारण एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेत) नलशी केलेली तुलना खरीही ठरत नाही आणि खोटीही नाही. म्हणून रिकामी मूल्ये पकडणारी 'नॉट नल' चाचणी स्वतंत्रपणे लावावीच लागते.

त्याहून गंभीर बाब म्हणजे या सर्व चाचण्या दोषी ओळी शोधतात, आणि टेबलात एकही ओळ नसेल तर दोष सापडणार कुठून? आमच्याकडे एकदा स्रोताची फाइल रिकामी आली, जुनी माहिती पुसली गेली आणि तरीही सर्व चाचण्या हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण, दिसत होत्या. तेव्हापासून ओळींची किमान संख्या तपासणारी चाचणी आम्ही 'एरर' पातळीवर ठेवतो, म्हणजे ती फसल्यास डीबीटी बिल्डमध्ये (टेबले तयार करून लगेच तपासणाऱ्या आदेशात) त्या टेबलावर अवलंबून असलेली पुढची टेबले तयारच होत नाहीत.