रिडिक बो नेमका कशानं संपला, वजनानं की मारानं?

गंगावेशकर:
मंडळी, बॉक्सिंग बघणारं कोण असेल तर बोला जरा. आमच्या घरात सगळे कुस्तीवाले, मी पण लहानपणापासनं खासबागला मैदान बघत आलोय, पण पुतण्या तीन वर्षं झाली बॉक्सिंग करतोय, हेवीवेटला खेळतो, त्याच्या नादानं मी जुन्या लढती बघायला लागलो आणि रिडिक बो या अमेरिकन हेवीवेट बॉक्सरवर येऊन अडकलोय. 1988 च्या सोल ऑलिंपिकला रौप्य, फायनलला लेनॉक्स लुईसकडनं हरला, आणि नोव्हेंबर 1992 ला तेव्हाच्या जगज्जेत्या होलीफील्डला बारा राउंड हाणून 25 व्या वर्षी जगज्जेतेपदाचे तिन्ही पट्टे याच्या एकट्याकडं. सहा फूट पाच इंच गडी, एवढा उंच असून जवळ घुसून अपरकट, म्हणजे खालनं वर ठोसा, मारायचा! त्या लढतीचा दहावा राउंड किती वेळा बघितला त्याला मोजमाप न्हाई. आणि 1996 ला हाच माणूस पोलंडच्या गोलोटासमोर पाय ओढत उभा. चार वर्षांत एवढं? रेकॉर्ड बघावं तर 43 जिंकल्या, हारली फक्त 1. मला कळंना झालंय.

लालमाती:
भावा, मेहनत सुटली आणि खुराक तेवढाच राहिला. आपल्याकडं असे लई बघितलेत, किताब मिळाला की सत्कार, फेटे, जेवणावळी, हौद्यात उतरायचं बंद. बो पहिल्यांदा होलीफील्डशी खेळला तेव्हा 107 किलो होता, वर्षानं दुसऱ्यांदा खेळला आणि ती एकच लढत हारला तेव्हा 112, आणि मधल्या काळात दोन लढती केल्या त्या दोन्ही मिळून दोन राउंड पण भरत नाहीत. मग बारा राउंडचा दम येणार कुठनं? एडी फचसारखा वस्ताद होता कोपऱ्यात, तो सुरवातीला याला घ्यायलाच तयार नव्हता कारण पोरगं आळशी हे सगळीकडं माहीत होतं. मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू, लुईसशी खेळायचं सोडून यानं त्या तिन्हीतला डब्ल्यूबीसी या संघटनेचा पट्टा लंडनमध्ये कचऱ्याच्या डब्यात टाकला. आपला पहिलवान मातीच्या पाया पडल्याशिवाय हौद्यात पाय ठेवत नाही ओ.

ई_वॉर्ड:
लालमाती दादा, पटतंय पण सगळं न्हाई. गोलोटाबरोबर पहिली लढत जुलै 1996 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनला, तेव्हा 114 किलोवर आलता, मान्य. पण डिसेंबरला अटलांटिक सिटीत परत खेळला तेव्हा घाम गाळून 107 वर उतरून आलता आणि मार त्या दिवशी जास्त खाल्ला, दोनदा खाली गेला. म्हणजे वजन गेलं पण हात यायच्या आधी डोकं हलवायचं ते काय परत आलं नाही. होलीफील्डबरोबर तीन लढती झालेल्या, तेवढ्यातच किती ठोसे बसले असतील हिशोब करा. आणि गोलोटाबरोबर दोन्ही वेळा गुणांवर मागं होता, गोलोटा कमरेखाली मारत राहिला म्हणून बाद झाला आणि विजय बोच्या नावावर लागला. तुम्ही 43 म्हणताय त्यात हे दोन पण मोजलेत. हार म्हणून लिहिलेली लढत वेगळी आणि माणूस खलास झाला त्या वेगळ्या, म्हणून रेकॉर्ड बघून कळत नाही. दुसऱ्या लढतीनंतरचं त्याचं बोलणं ऐका, शब्द एकमेकांना चिकटतात. 29 वर्षांचा होता फक्त. पुढं 1998 ला बायकापोरांना बळजबरीनं घेऊन गेल्याची केस झाली, वकिलांनी कोर्टात मेंदूला इजा झाल्याचं मांडलं, तुरुंगात पण गेला. आणि एवढं होऊन 2004 ला परत रिंगमध्ये. मला ते बघवत नाही.

गंगावेशकर:
मी म्हणूनच विचारलं. पंधरा दिवस झाले, पुतण्या स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, करून घरी आला, चहाची बशी तोंडाजवळ नेली आणि तिथंच थांबला, म्हणतो काका गाडी कुठं लावली मी? गाडी दारात, त्यानंच लावलेली, किल्ली त्याच्याच मुठीत. रात्री डोकं जड आहे म्हणून जेवला नाही. आणि दोन दिवसांनी परत ग्लोव्ह्ज घालून गेला कारण निवड चाचणी आलीय. कोचना सांगू नको म्हणतोय, नाव कापतील. डोकं अजून अधनंमधनं दुखतंय.

ई_वॉर्ड:
दादा, तुम्ही हे पहिल्यांदा लिहायला पाहिजे होतं. स्पॅरिंग आजपासनं बंद, आणि डोक्याच्या डॉक्टरला दाखवा. पहिला धक्का भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला सूज येऊन जिवावर बेततं, तरण्या पोरांतच जास्त. हेडगार्ड आहे म्हणून निवांत राहू नका, त्यानं भुवई फुटायची वाचते, आत मेंदू हलायचा तो हलतोच. डोक्याला मार बसून लढत थांबली तर हौशी बॉक्सिंगच्या नियमात किमान 30 दिवस सक्तीची विश्रांती आहे, हा तर दोन दिवसांत गेला.

लालमाती:
आणि कोचना सांगाच, पोरगं रुसलं तर रुसू दे. मी वर फचचं नाव घेतलं ना, 1975 ला मनिलात अलीसमोर त्याचाच पठ्ठ्या फ्रेझर शेवटच्या पंधराव्या राउंडला उठत होता, डोळे सुजून बंद, तरी म्हणतोय मला खेळायचंय. फचनंच त्याला खाली बसवलं.

गंगावेशकर:
उद्या सकाळी 9 ची अपॉइंटमेंट मिळालीय, शाहूपुरीत. कोचना आत्ता फोन केला, ते म्हणाले बरं केलं सांगितलं, चाचणी पुढच्या वर्षी पण आहे. पुतण्या आतल्या खोलीत आहे, बोलत नाही माझ्याशी. त्याचे ग्लोव्ह्ज माझ्या कपाटात ठेवलेत.