शब्दचर्चा : ‘फिक्सर’ला मराठीत काय म्हणावं?

मी एका साप्ताहिकासाठी परदेशी वृत्तलेखांचे अनुवाद करते. सध्या अफगाणिस्तानातल्या बातमीदारीवरचा एक मोठा लेख हातात आहे आणि त्यातल्या एका शब्दापाशी तीन दिवस अडले आहे. शब्द आहे ‘फिक्सर’. पहिल्या खर्ड्यात तो तसाच ठेवला होता. आईला वाचायला दिला, तर तिसऱ्या परिच्छेदाशी थांबून तिनं विचारलं, “हा सामने ठरवणारा होता का गं?” तिचं काही चुकलं नाही. २००० साली क्रिकेटमधलं हॅन्सी क्रोनिएचं प्रकरण बाहेर आलं तेव्हापासून मराठी घरांत फिक्सिंग म्हणजे पैसे खाऊन सामना हरणं आणि फिक्सर म्हणजे ते जमवून आणणारा.

लेखातला फिक्सर वेगळा आहे. परदेशी वार्ताहर विमानातून उतरतो त्याच्या आधी गाडी, चालक, मुक्काम, परवानग्या, भेटी हे सगळं त्यानं ठरवलेलं असतं. कोणत्या रस्त्यानं जायचं आणि कोणत्या वेळी अजिबात जायचं नाही, हे तोच सांगतो. मुलाखतीत दुभाषी तोच. समोरच्यानं काय सांगितलं याबरोबर काय सांगायचं टाळलं, हेही तोच परतीच्या वाटेवर उलगडून देतो. पुष्कळदा तो स्वतः पत्रकार असतो. अनेक अमेरिकी आणि ब्रिटिश वृत्तपत्रांनी नि वाहिन्यांनी परदेशातली कायमची कार्यालयं खर्चापायी बंद करत आणली, चार-आठ दिवसांसाठी वार्ताहर पाठवायचा प्रघात पडला, तसं हे काम वाढलं. भाषा येत नाही, प्रदेश माहीत नाही, हातात आठवडा. म्हणजे बातमीचा भार कुणावर, हे उघड आहे.

माझ्या लेखात अजमल नक्शबंदीची हकीकत आहे. मार्च २००७ मध्ये हेलमंड प्रांतात तालिबाननं ‘ला रेपुब्लिका’ या इटालियन दैनिकाचे दानिएले मास्त्रोजाकोमो, त्यांचा चालक सय्यद आगा आणि अजमल अशा तिघांना पळवलं. चालकाला मारलं. पाच तालिबानी कैदी सोडून मास्त्रोजाकोमोंची सुटका झाली. अजमल मागे राहिला आणि ८ एप्रिलला त्याचाही शिरच्छेद झाला. अजमल पत्रकार होता. पण बातम्यांत तो कुठे ‘दुभाषी’, कुठे ‘फिक्सर’. त्याच्यासाठी मराठीत मी कोणता शब्द लिहू? मध्यस्थ, जुळवणीकार, समन्वयक, वाटाड्या, दुभाषी एवढे कागदावर मांडून झाले आहेत. एकही मनाला पटत नाही.

* * *

पुण्याहून :

‘मध्यस्थ’ आधी खोडा. मध्यस्थ दोन पक्षांच्या मधोमध उभा असतो आणि दोघांपैकी कुणाचाच नसतो. अजमल ज्या गाडीत बसला होता त्या गाडीचं जे व्हायचं ते त्याचंही होणार होतं. ‘समन्वयक’ हा सरकारी परिपत्रकातला शब्द, त्याला धुळीचा वास नाही. ‘दलाल’ तर सुचवूही नये.

माझं मत ‘वाटाड्या’ला. आम्ही सह्याद्रीत फिरणारे लोक हा शब्द रोज वापरतो. वाटाड्या म्हणजे नुसती वाट ठाऊक असलेला माणूस नव्हे. पाणी कुठे आहे, कोणता कडा पावसात सुटतो, कोणत्या वाडीत रात्री थारा मिळेल, हे सगळं त्याच्याजवळ असतं. आपण त्याच्यावर जीव टाकून चालतो. शब्द अस्सल आहे आणि तुमच्या आईंनाही लगेच कळेल.

* * *

लातूरहून :

नमस्कार ताई. मी हे काम केलेलं आहे, म्हणून लिहितो.

मी तालुका वार्ताहर. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाण्याचा ठणठणाट होता. पाणी भरण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होतील म्हणून मार्चमध्येच १४४ कलम लावलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या आठवड्यात देशातले आणि देशाबाहेरचे कॅमेरे लातुरात उतरले. एका परदेशी वाहिनीच्या तिघांबरोबर मी चार दिवस फिरलो. वाहिनीचं नाव लिहीत नाही, माणसं वाईट नव्हती.

त्यांना विहिरीवर घागरींची रांग हवी होती, दुपारच्या उजेडात. मी म्हटलं, रांग रात्री दोनला लागते, कारण टँकर तेव्हा येतो. दुपारची रांग पाहिजे असेल तर बायांना उन्हात उभं करून मांडावी लागंल आणि ते मी करणार नाही. ते रात्री आले. तिथं एक म्हातारी म्हणाली, “यंदा पाव्हणा नको रे बाबा.” मी भाषांतर केलं तसं त्यांनी लिहून घेतलं, की पाहुणे नको आहेत. परत येताना मला राहवलं नाही. गाडी थांबवून सांगितलं, तिला माणसं नकोशी झाली नाहीत. दारात आलेल्याला तांब्याभर पाणी देता येत नाही याची लाज तिला खाते आहे. पुढं त्यांच्या वृत्तांताची सुरुवातच त्या वाक्यानं झाली, माझ्या खुलाशासकट.

शेवटी नावं येतात त्यात माझं नाव नव्हतं. पैसे चोख दिले, एका दिवसाचे माझ्या महिन्याच्या मानधनापेक्षा जास्त, तेही सांगायला पाहिजे. ते लोक मला ‘आमचा माणूस’ म्हणत. गावातले ‘त्यांचा माणूस’ म्हणायला लागले होते. ते गेल्यावर महिनाभर गावातून फोन येत होते, “तुझ्या सायबांनी आमचं काय केलं?”

म्हणून पुण्याच्या मित्राला सांगतो, वाटाड्या शब्द गोड आहे पण बसत नाही. वाटाड्या वाट दाखवून आपल्या घरी जातो आणि त्याला कुणी जाब विचारत नाही. आमच्या कामात पाहुणा जातो आणि त्यानं जे काही दाखवलं त्याचा जाब आम्ही देत बसतो. दुसरं असं की वाटाड्या वाट दाखवतो, त्या वाटेनं जाऊन काय पाहायचं हे ठरवत नाही. दुपारची रांग खोटी आणि रात्रीची खरी, हा निर्णय बातमीदाराचा आहे.

आणि हे परदेशी लोकांपुरतं समजू नका. मुंबई-पुण्याहून कुणी आलं तरी हेच होतं. माणसं आम्ही गाठून द्यायची, छापून येतं ‘विशेष प्रतिनिधीकडून’.

* * *

पणजीहून :

लातूरच्या दादांनी लिहिलेलं वाचून एक जुनी गोष्ट आठवली. १६७४ च्या जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील, म्हणजे दूत, हेन्री ऑक्झिंडेन तिथे होता. त्याची रोजनिशी आपण आजही प्रत्यक्षदर्शी पुरावा म्हणून उद्धृत करतो. त्याच्याबरोबर कंपनीचा दुभाषी होता, नारायण शेणवी. ऑक्झिंडेननंच लिहून ठेवलं आहे की दरबारात ते लांब उभे होते. नारायण शेणवीनं नजराण्याची हिऱ्याची अंगठी वर धरली, तेव्हा महाराजांचं लक्ष गेलं आणि त्यांनी जवळ बोलावलं. इंग्रज वकिलाला सिंहासनापाशी नेलं ते दुभाष्याच्या उंचावलेल्या हातानं, आणि रायगडावर कोण काय बोलतं हे ऑक्झिंडेनपर्यंत पोचलं ते त्याच्याच तोंडून. पण वृत्तांत ऑक्झिंडेनचा.

गोव्यात पोर्तुगीज अमदानीत सरकारी दुभाष्याच्या पदाला ‘लिंग्व’ म्हणत, म्हणजे सरळ ‘जीभ’. मराठी दरबाराशी होणारा पत्रव्यवहार त्या जिभेवरून जाई. अरबी ‘तर्जुमान’ म्हणजे दुभाषी. आपल्या जुन्या कागदांतला ‘तर्जुमा’ त्याच कुळातला आणि तुर्कांच्या उस्मानी दरबारातल्या दुभाष्यांना युरोपीय लोक जे ‘ड्रॅगोमन’ म्हणत तेही त्याच शब्दाचं बदललेलं रूप. म्हणजे हा व्यवसाय जुना आहे आणि एके काळी मानाचा होता. म्हणून ‘दुभाषी’ हा शब्द मला हलका वाटत नाही. त्याला त्याचं वजन परत द्यावं, एवढंच.

(अडचण मलाही दिसते. लातूरला परदेशी पाहुण्याला मराठी येत असतं तरी रात्री दोनचा टँकर त्याला कुणी सांगितला असता? हे काम भाषेपुरतं नाही.)

* * *

नागपूरहून :

‘वृत्तसहायक’ का नको? साधा आहे, अपमानकारक नाही, जाहिरातीतही शोभेल.

* * *

डोंबिवलीहून :

नागपूरच्या सूचनेला माझा विरोध आहे, आणि कारण चीनचं आहे. तिथे चिनी नागरिकाला परदेशी माध्यमांसाठी वार्ताहर म्हणून काम करता येत नाही. नियमानं त्याला ‘वृत्तसहायक’च व्हावं लागतं आणि नेमणूकही सरकारमान्य संस्थेमार्फत. वार्ताहराचं ओळखपत्र परदेशी माणसाला, सहायकाला नाही. त्यानं स्वतंत्रपणे बातमी करायची नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बीजिंग कार्यालयातले झाओ यान २००४ साली पकडले गेले. गोपनीय माहिती फोडल्याचा आरोप टिकला नाही, तरी फसवणुकीच्या आरोपाखाली तीन वर्षं तुरुंगात काढली. ‘ब्लूमबर्ग’च्या हेझ फान यांना डिसेंबर २०२० मध्ये राहत्या इमारतीतून नेलं. तिथे ‘सहायक’ हा शब्द म्हणजे कायद्यानं घातलेलं कुंपण आहे. ते आपण आपल्या हातानं मराठीत कशाला आणायचं?

उलट उदाहरण म्यानमारचं घ्या. रॉयटर्स या वृत्तसंस्थेचे वा लोन आणि क्याव सो ऊ हे दोघे तिथलेच. इन दिन गावात दहा रोहिंग्या पुरुषांची हत्या झाली, तिचा शोध घेत असताना डिसेंबर २०१७ मध्ये त्यांना अटक झाली. ते कोठडीत असतानाच बातमी प्रसिद्ध झाली, त्यांच्या नावांसह. सात वर्षांची शिक्षा झाली, मग पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि पाचशेहून अधिक दिवसांनी, मे २०१९ मध्ये ते सुटले. जगभर त्यांची नावं घेतली गेली, कारण बातमीवर ती नावं होती. सुटकेच्या मागणीपत्रात ‘आमचा सहायक’ एवढंच असतं तर एवढा आवाज उठला असता, असं मला वाटत नाही.

माझ्या मते सरळ ‘स्थानिक वार्ताहर’ लिहावं. काम वार्ताहराचं, तर शब्द वार्ताहराचा.

* * *

पुण्याहून, पुन्हा :

‘वाटाड्या’ मागे घेतो. लातूरच्या दादांचा मुद्दा बिनतोड आहे.

पण ‘स्थानिक वार्ताहर’ला एक हरकत. मूळ लेखातल्या परदेशी वार्ताहरानं त्याला वार्ताहर मानलंच नाही, फिक्सर मानलं. पगारपत्रकात, विम्यात, सुटकेच्या वाटाघाटीत तो त्या नावाखाली होता. आपण मराठीत त्याला मोठ्या मनानं वार्ताहर केलं तर मूळ अन्याय वाचकाला दिसणारच नाही. आपल्याला बरं वाटेल, पण वाचकाला वाटेल की त्यालाही बरोबरीनं वागवलं होतं.

* * *

मूळ प्रश्न विचारणारी :

पुण्याचा हा शेवटचा मुद्दा वाचून मी काल रात्री सगळा खर्डा पुन्हा काढला. मी एका शब्दाला एक शब्द शोधत होते, तीच चूक होती. मूळ लेखात ‘फिक्सर’ दोन तोंडांतून येतो. कधी परदेशी वार्ताहर बोलतात, ‘माझा फिक्सर म्हणाला’, तर कधी लेखक स्वतः त्या माणसाबद्दल सांगतो. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द चालून गेला. मराठीत तसं करायला मी बांधलेली नाही.

म्हणून वार्ताहरांच्या तोंडी ‘फिक्सर’ तसाच ठेवला आहे, अवतरणात, आणि पहिल्याच ठिकाणी एका वाक्यात खुलासा केला आहे की परदेशी पत्रकार त्यांच्यासाठी बातमी गोळा करणाऱ्या स्थानिक पत्रकाराला असं म्हणतात. खुपू दे वाचकाला. लेखकाच्या निवेदनात मात्र ‘स्थानिक वार्ताहर’. ‘सहवार्ताहर’ही लिहून पाहिला होता, पण ज्याचं नावच छापलं नाही त्याला ‘सह’ म्हणवेना. ‘दुभाषी’ फक्त तिथे, जिथे तो खरोखर त्या क्षणी भाषांतर करतो आहे. अपहरणाच्या प्रसंगात तो दुभाषी नाही, म्हणून तिथून काढला.

लेखात ऑगस्ट २०२१ चाही भाग आहे, काबूल पडलं तेव्हाचा. ‘न्यूयॉर्क टाइम्स’साठी काम करणारे अफगाण आणि त्यांची कुटुंबं तेव्हा मेक्सिकोला पोचली, कारण मेक्सिकोनं कागदपत्रं लवकर केली. तिथे मूळ लेखकानंही फिक्सर म्हटलेलं नाही, पत्रकार म्हटलं आहे. देश सोडून जायची वेळ आली तेव्हा तो शब्द मिळाला, हे भाषांतर करताना मनाला फार लागलं.

लातूरच्या दादा, एक विचारायचं होतं. आपल्याकडे ‘आमच्या वार्ताहराकडून’ हे इतकं रुळलेलं आहे की नाव न छापणं पूर्वी कुणालाच अपमानाचं वाटत नसे, संपादकालाही नाही. मग नाव नसल्याचं तुम्हाला नेमकं कधी खुपलं?

* * *

लातूरहून :

ताई, ‘आमच्या वार्ताहराकडून’मध्ये कुणाचंच नाव नसतं, म्हणून ते कधी खुपलं नाही. त्या वृत्तांतात बाकीच्या तिघांची नावं होती. ड्रोनवाल्याचंही होतं, तो एकच दिवस आला होता.

म्हातारीचं नावही नव्हतं. ‘एक ग्रामीण महिला’ एवढंच. नाव मी लिहून दिलं होतं, तिला विचारून, कागदावर मोठ्या अक्षरात. तुमच्या लेखात अजमलचं पूर्ण नाव पहिल्या वाक्यात येतं का, तेवढं बघा.

* * *

मूळ प्रश्न विचारणारी :

आठव्या परिच्छेदात येत होतं. वर घेतलं आहे. चालकाचं, सय्यद आगाचंही.