माळ्यावरचा रुमाल: घरी ठेवायचा की संस्थेला द्यायचा?

वाईकर_धाकटा
गावच्या घराचं छप्पर उतरवताना माळ्यावर एक रुमाल सापडला. (हात पुसायचा नव्हे. जुन्या दप्तरातले कागद बांधायचं फडकं, आणि त्यात बांधलेला गठ्ठाही रुमालच.) आत दीडेकशे मोडी कागद आहेत. काही कसरीनं खाल्लेत, पण शाई अजून काळीभोर. थोरले काका म्हणतात, पुण्याला एखाद्या संस्थेत देऊन टाकू. माझा विरोध आहे. आमच्या ओळखीच्या एका घरानं वीस वर्षांपूर्वी असाच गठ्ठा एका संस्थेला दिला. परवा नातू बघायला गेला तर "यादीत दिसत नाही, अर्ज करून ठेवा". आपलेच कागद बघायला आपणच अर्ज करायचा! त्यापेक्षा नीट फोटो काढून सगळ्यांसाठी नेटवर टाकावेत आणि मूळ कागद घरीच ठेवावेत. काय म्हणता?

बोरू
साफ चूक. तुम्ही वाईचे म्हणून मुद्दाम सांगतो. इतिहासकार राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली निघाला, तो वाईतच एका घरी मिळालेल्या पत्रांवर. पानिपतच्या आधीच्या दहा वर्षांतली पत्रं. ती त्या घरीच राहिली असती तर पुढच्या दोन पिढ्यांत एकतर वाळवीनं खाल्ली असती नाहीतर सुनेनं बंबात घातली असती. (सुनेचा दोष नाही, तिला कोणी सांगितलंच नसतं.) तुमचा रुमाल टिकला हा योगायोग आहे. त्याला जतन म्हणत नाहीत.

नाणेघाट
@बोरू, आणि संस्थेत सगळं सुरक्षित? 5 जानेवारी 2004 ला भांडारकर संस्थेत काय झालं ते विसरलात? दीडेकशे माणसं घुसली आणि हस्तलिखितं जमिनीवर. एकाच छपराखाली सगळं ठेवलं की असं होतं. वाईकर, देऊ नका.

बोरू
त्या घटनेवरून प्रती करून ठेवाव्यात एवढंच सिद्ध होतं. मूळ कागद माळ्यावर ठेवावेत हे कुठून निघालं?

चावडीवरची
मला दोघांचंही पटत नाही, आणि धागाकर्त्याचं तर अजिबात नाही. फोटो नेटवर टाकायच्या आधी त्या कागदांत काय आहे ते वाचलंत का? घरगुती दप्तरात तह-लढाया क्वचित असतात. असतात ती गहाणखतं, कर्जरोखे, वतनाचे तंटे, गोतसभेचे (म्हणजे गावच्या पंचायतीचे) निवाडे. कोणाला वाळीत टाकलं, कोणाची जमीन कोणी गिळली. ज्यांची नावं आहेत त्यांचे वारस त्याच गावात दोन गल्ल्या सोडून राहतात. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक कसा भाव आला ते पाहिलंय ना? मोडी कागद म्हणजे नुसता इतिहास नव्हे, आजही जातीच्या दाखल्याचा पुरावा आहे. आधी वाचा, मग ठरवा.

नाणेघाट
म्हणजे गैरसोयीचं असेल ते लपवायचं?

चावडीवरची
मी लपवा म्हटलं नाही, वाचा म्हटलं. फरक कळत नसेल तर असो.

जात्यावर
एक वेगळा मुद्दा. वतन, इनाम, सावकारी ज्यांच्याकडे होती त्यांच्याच घरी रुमाल निघतात. माझ्या आजीच्या घरी माळा होता, त्यावर शेणी होत्या. तिचा इतिहास ओव्यांत होता. हेमा राईरकर आणि गी पॉटव्हँ यांच्या गटानं गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्यातल्या कितीतरी आज नेटवर बाईच्या आवाजात ऐकता येतात. माझ्या आजीपर्यंत मात्र कोणी पोचलं नाही आणि मलाही सुचलं नाही. मोडी कागदाला दोनशे वर्षांची मुदत मिळते, म्हातारीला नाही.

नाणेघाट
धागा कागदांचा आहे.

जात्यावर
तेच तर म्हणतेय.

की_बोर्डे
एवढी चर्चा कशाला? आयआयटी रुरकीनं मोडीचं देवनागरी करणारं एआय मॉडेल काढलंय. फोटो टाका, लिप्यंतर घ्या, चहा प्या.

बोरू
चहा थंड होईल. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवतात. दोन शब्दांत जागा नाही, विराम नाही, बोरू उचलायचा नाही म्हणून अक्षरं एकमेकांत गुंतलेली. त्यात प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. यंत्राची मदत जरूर घ्या, पण शेवटी जाणत्यानं बघावंच लागतं. वाईकर, एखाद्या कागदाची तारीख लागली का?

वाईकर_धाकटा
मोडीचा वर्ग केलेल्या एका मित्रानं एकच वाचून दिला. "सुहूर सन सीत सबैन मया व अलफ, छ 5 जमादिलावल". अर्थ त्यालाही लागला नाही.

बोरू
अरबी आकडे आहेत, एकंपासून वाचायचे. सीत 6, सबैन 70, मया 100, अलफ 1000. झाले 1176. हा सुहूर सन, त्यात 599 मिळवा, म्हणजे इसवी सन 1775. ‘छ’ म्हणजे चंद्र, त्या महिन्याची पाचवी तारीख. राघोबादादांविरुद्ध उभ्या राहिलेल्या बारभाईंच्या धामधुमीचे दिवस! मजकूर काय आहे?

वाईकर_धाकटा
दोन भावांत एका आंब्याच्या झाडाचा वाटा. एक साल याचं, एक साल त्याचं.

चावडीवरची
😄 बघा, हे टाका नेटवर. याला माझी हरकत नाही.

वाईकर_धाकटा
काकांना फोन करून वाचून दाखवलं. गेली चार वर्षं ते आणि बाबा बांधावरून बोलत नाहीत. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "झाड कुठलं लिहिलंय?" संस्थेला द्यायचं की नाही यावर अजून आमचं एकमत नाही. मी एवढंच म्हटलं, दिलं तरी आधी एकेका कागदाची यादी करून तिच्यावर सही-शिक्क्याची पोच घेऊ आणि एक प्रत घरी ठेवू. त्याला ते तयार आहेत.

बोरू
पोच आणि यादी यावर मीही सहमत, बाकी मतभेद कायम. तोवर सुती फडकं बदला, वेखंडाची पुरचुंडी ठेवा. आणि काहीही झालं तरी लॅमिनेशन करू नका. चिकटलेला कागद पुन्हा सुटत नाही.

वाईकर_धाकटा
चुलतभावानं कालच दोन करून आणलेत.