शाडूची मूर्ती वाळणे आणि पीओपीची मूर्ती घट्ट होणे : भौतिक बदल की रासायनिक?

प्रश्न
माझी मुलगी सातवीत आहे. मूळ पदार्थ परत मिळवता आला तर बदल भौतिक आणि नाही मिळाला तर रासायनिक, असा नियम तिने पाठ केला आहे. मूर्तिकारांच्या कार्यशाळेत तिने शाडूचे आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचे असे दोन्ही गणपती घडताना पाहिले. दोन्हीकडे भुकटीत पाणी घालतात, साच्यातून आकार काढतात आणि शेवटी कडक मूर्ती मिळते. तरीही पहिला बदल भौतिक आणि दुसरा रासायनिक का मानतात, असे ती विचारते. शिवाय जिप्सम (पाणी घातल्यावर पीओपी घट्ट होऊन बनणारा पदार्थ) तापवले की पुन्हा पीओपी मिळते, हे खरे असेल तर तिच्या नियमानुसार दुसरा बदलही भौतिकच ठरत नाही का?

उत्तर १
नियम सोयीचा आहे, पण निकष म्हणून तो टिकत नाही. बदलानंतर हाती आलेला पदार्थ रासायनिकदृष्ट्या तोच आहे की वेगळा, एवढेच पाहायचे असते. शाडूच्या लगद्यात पाणी मातीच्या चपट्या, सूक्ष्म कणांमध्ये शिरते, त्यामुळे ते एकमेकांवरून घसरतात आणि मातीला हवा तो आकार देता येतो. मूर्ती सावलीत वाळते तेव्हा तेच पाणी हवेत निघून जाते आणि मागे पूर्वीचीच माती उरते. पीओपीमध्ये मात्र पाण्याचा काही भाग पदार्थातच बांधला जातो. पीओपीत कॅल्शिअम सल्फेटच्या दोन घटकांमागे स्फटिकजलाचा (स्फटिकाच्या रचनेत बांधलेल्या पाण्याचा) एक रेणू असतो, तर त्यापासून तयार होणाऱ्या जिप्सममध्ये प्रत्येक घटकामागे दोन रेणू असतात. जिप्समचे सुईसारखे स्फटिक वाढत जाऊन एकमेकांत गुंततात, म्हणून ही मूर्ती वाळण्याआधीच, ओली असतानाच कडक होते. मुलीला हा फरक नक्की दाखवा. लगदा गरम होतो तोही याच क्रियेमुळे, आणि म्हणूनच जाड थरात हात कधीही बुडवून ठेवू नये, कारण साठलेल्या उष्णतेने भाजू शकते.

उलट फिरवण्याबद्दल तुमचे म्हणणे बरोबर आहे. जिप्सम साधारण १२० ते १५० अंश सेल्सिअसला तापवले की बरेचसे स्फटिकजल निघून जाऊन पीओपी मिळते, पण म्हणून तो बदल भौतिक होत नाही, कारण दोन्ही दिशांना वेगळा पदार्थच तयार होत असतो. निळे मोरचूद तापवल्यावर पांढरे पडते आणि पाण्याचे थेंब पडताच पुन्हा निळे होते, तेही असेच. याच्या उलट, कागद फाडला तर तो पूर्ववत करता येत नाही, तरी बदल भौतिकच राहतो.

उत्तर २
वरील उत्तराला वजनकाट्याची जोड द्यावी, असे मला वाटते, कारण मुलांना स्वतः पडताळता येणारा पुरावा हवा असतो. पूर्ण वाळलेली शाडू १०० ग्रॅम घेऊन ती भिजवा आणि पुन्हा पूर्ण वाळू द्या. वजन साधारण १०० ग्रॅमवरच येईल. १०० ग्रॅम पीओपी सुमारे ७० ग्रॅम पाण्यात कालवून, तो गोळा उष्णता न देता, वजन स्थिर होईपर्यंत हवेवर वाळवला, तर शुद्ध पीओपीच्या बाबतीत हिशेब ११८ ते ११९ ग्रॅमचा येतो, कारण १४५ ग्रॅम पीओपी २७ ग्रॅम पाणी स्वतःत बांधून घेते. बाजारातील पीओपी शुद्ध नसल्याने आकडा थोडा कमी येईल, पण वाढ स्पष्ट दिसेल.

मातीचेही सरसकट विधान करू नये. तीच माती भट्टीत सुमारे ५०० ते ६०० अंशांपर्यंत भाजली की खनिजांच्या रचनेत बांधलेला हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन व हायड्रोजनची जोडी) पाण्याच्या रूपाने बाहेर पडतो, रचना मोडते आणि पाण्यात टाकल्यावर तिचा पुन्हा चिखल होत नाही. वाळणे भौतिक, भाजणे रासायनिक.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. वजनाचा प्रयोग आम्ही करून पाहू. विसर्जनानंतर पीओपीची मूर्ती पाण्यात विरघळली, तर तो बदल कोणता?

उत्तर ३
साध्या पाण्यात ती फारशी विरघळतच नाही. एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते, म्हणजे दोन किलोच्या मूर्तीला किमान ८०० लिटर पाणी लागेल, आणि तेही सावकाश. जे थोडे विरघळते, तो शालेय पातळीवर भौतिक बदल मानतात, कारण पाणी आटवल्यावर जिप्समच परत मिळते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेल्या पद्धतीत मूर्ती अमोनिअम बायकार्बोनेटच्या द्रावणात ठेवतात. तेथे दिसायला मूर्ती विरघळतच असते, पण प्रत्यक्षात कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, तळाशी कॅल्शिअम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो आणि द्रावणात अमोनिअम सल्फेट राहते, जे शेतकरी नत्रखत म्हणून वापरतात. तीन नवे पदार्थ तयार झाल्यामुळे हा बदल निःसंशय रासायनिक आहे. मात्र नुसत्या बुडबुड्यांवरून मुलीने निष्कर्ष काढू नये, कारण उकळत्या पाण्यातही बुडबुडे येतात आणि ती केवळ वाफ असते. तळाचा साका गाळून, धुऊन त्यावर व्हिनेगर टाकल्यास तो फसफसतो, आणि जिप्सम तसे फसफसत नाही, हे तिला घरीच पडताळता येईल.