टाकी ते टाकी: सवय बदलून किती पेट्रोल वाचलं?

'सावकाश चालवा, पेट्रोल वाचतं' हे सगळेच सांगतात. किती वाचलं विचारलं की गप्प. म्हणून या धाग्याला एकच अट: टाकी फुल केली, पुढच्या वेळी पुन्हा फुल केली आणि मधल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागलं, असं केलं असेल तरच आकडा लिहा. डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका, माझा तरी नेहमी दीड-दोनने फुगवून सांगतो.

सुरुवात मी करते. माझी छोटी गाडी लिटरला 14 किलोमीटरच्या वर जातच नव्हती. सर्व्हिसिंग झालं, प्लग बदलले, फरक शून्य. एकदा भाऊ शेजारी बसला आणि नुसते ब्रेक मोजत राहिला. 9 किलोमीटरमध्ये 61. "ताई, पेट्रोल जाळून वेग घेतेस आणि ब्रेकवर घालवतेस." सिग्नल लांबूनच लाल दिसत असायचा, तरी माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरच. आता लाल दिसला की पाय काढते, गाडी गियरमध्येच ठेवून. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवोत. तीन टाक्यांची सरासरी 16.3.

---

ताई, ते 'गियरमध्येच' ठळक करा. वडिलांनी शिकवलं म्हणून मी वर्षानुवर्षं उतारावर न्यूट्रल करायचो. त्यांच्या कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते खपून गेलं. आताच्या, पेट्रोल फवाऱ्याने सोडणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत गियर असताना पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि पेट्रोलचा फवारा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला थोडं थोडं पीतच राहतं. म्हणजे मी वाचवत काहीच नव्हतो. वर न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला आवरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, हे कळायला एक लांब उतार लागला. ब्रेक तापले, जळका वास आला आणि पेडल स्पंजासारखं आत जायला लागलं. गियर खाली आणत, हँडब्रेक हळूहळू ओढत कशीबशी गाडी कडेला घेतली. बायको अर्धा तास एक शब्द बोलली नाही. आकडा नाही माझ्याकडे, तरी लिहिलं.

---

बाईकवाला. मागून येणारा मित्र म्हणाला, "तुझा ब्रेकलाईट कायम लागलेला असतो." उजवा पाय पेडलवर टेकवून ठेवायची सवय, मला पत्ताच नाही. त्याच आठवड्यात हवा बघितली: मागच्या टायरला 33 हवी, निघाली 22. दोन्ही एकदमच सुधारलं, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते माहीत नाही, पण 44 चे 50 झाले. हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. चालवून गरम झाल्यावर आकडा जास्त दाखवतो.

---

हायवेवर 105 ऐवजी 85. बाकी काही नाही. 17 वरून 20.5. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 80 चा 100 केला तरी तो दीडपटीहून जास्त होतो. दीडशे किलोमीटरला वीसेक मिनिटं उशीर होतो, तेवढा मी सोसतो. टपावरचं रिकामं कॅरिअरही काढलं. दिवाणखान्यात पडून आहे, घरच्यांना आवडलेलं नाही.

---

माझा अनुभव उलटा. हे सगळं वाचून मी 30 च्या वेगाला टॉप गियर टाकायला लागलो. गाडी थरथरायची, उचल घेत नव्हती म्हणून पाय आणखी दाबायचो. अ‍ॅव्हरेज वाढायच्या जागी अर्ध्या किलोमीटरने घसरलं, 15 चं 14.5. इंजिन कण्हायला लागलं की गियर खाली आणावा, इतकं साधं होतं.

एसी बंद ठेवूनही बघितला. दोन दिवस. घामाने निथळत ऑफिसात पोचणं मला झेपलं नाही, त्यामुळे तो आकडा माझ्याकडून मिळणार नाही.

---

मी मुलीला क्लासवरून आणायला जाते. रोज वीस मिनिटं उभी, इंजिन चालू, फोन हातात. परवा हिशेब केला: महिन्याला आठ तास गाडी जागेवर उभी राहून जळते. सोमवारपासून किल्ली फिरवून ठेवते. टाकी आजच फुल केली आहे, आकडा पुढच्या महिन्यात टाकते.