मदत हवी आहे: इनले हिंटच्या टेस्टमध्ये देवनागरी ओळ आली की जागा चुकते

नमस्कार मंडळी. ऐरोली-महापे पट्ट्यात लँग्वेज सर्व्हरवर (एडिटरला कोडबद्दलची माहिती पुरवणारा प्रोग्रॅम) काम करणारं कुणी असेल तर जरा बघा. इनले हिंट म्हणजे एडिटर कोडच्या ओळीतच दाखवतो ती छोटी सूचना.

सर्व्हर रस्टमध्ये आहे, एडिटरशी बोलायचा प्रोटोकॉल (एलएसपी) ३.१७. टेस्टमधली ओळ अशी:

भाडे("ठाणे", 42)

42 च्या आधी "किमी:" ही पॅरामीटर हिंट, म्हणजे काइंड 2, हवी. हिंटची ओळीतली जागा, म्हणजे कॅरेक्टर (0 पासून मोजून), 13 अपेक्षित, येतो 29. कारण कळलंय: रस्ट बाइट मोजतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह (काना-मात्रासुद्धा) यूटीएफ-८ मध्ये 3 बाइटचं, आणि प्रोटोकॉल मुळात यूटीएफ-१६ ची एककं धरतो. कोडपॉइंट (युनिकोडमधली एकेक चिन्हं) मोजले तर ही टेस्ट पास होते, पण ते फसवं आहे. "ठाणे"च्या जागी इमोजी टाकला की एकाचा फरक पडतो, कारण तो एकच कोडपॉइंट असला तरी यूटीएफ-१६ ची दोन एककं घेतो. म्हणून दोन्ही ओळी ठेवल्यात.

खरं अडलंय पुढे. फाइल उघडल्याची सूचना पाठवून लगेच हिंट मागितल्या की कधीकधी रिकामी यादी येते, कारण विश्लेषण संपलेलं नसतं. अर्धा सेकंद स्लीप (थांबा) घातलं तर सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) तरीही अधूनमधून फेल.

सर्व्हरकडून येणाऱ्या रिफ्रेश विनंतीची (हिंट पुन्हा मागा असं सांगणारी) वाट टेस्टने पाहावी, की प्रोटोकॉल बाजूला ठेवून हिंट काढणारं फंक्शनच थेट तपासावं? दुसरं बरं वाटतं, पण मग मागितलेल्या रेंजबाहेरच्या हिंट गाळल्या जातात का, हे कुठे तपासायचं?

वाशी किंवा ठाण्यात प्रत्यक्ष बसून दाखवणार असाल तर चहा आमच्याकडून.